बिनसाखरेचं लिंबू-कर्ड

मैत्रिणींनो, वसईत नाताळात शेजारून फराळाचं ताट आलं की घरातल्या मधुमेही माणसाने नुसतं बघत बसायचं का? त्यांच्यासाठी हे कर्ड करा. मात्र साखरेऐवजी गूळ किंवा मध नको. रक्तातली साखर त्यानेही वाढतेच.

साहित्य : अंडी ३, लिंबाचा रस अर्धी वाटी, एका लिंबाची किसलेली साल (पांढरा भाग कडू लागतो, तो नको), बिनमिठाचं लोणी ६० ग्रॅम, साखरेऐवजी वापरायची एरिथ्रिटॉलची पूड ५ मोठे चमचे. पूड मिक्सरमधून बारीक करा, म्हणजे गार झाल्यावर कण लागत नाहीत.

कृती : स्टीलच्या पातेल्यात अंडी, रस व पूड घोटून घ्या. आंबट असल्याने अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको. पातेलं उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून मंद आचेवर सारखं ढवळा. चमच्याच्या पाठीला थर बसला की उतरवा. उकळी आली तर भुर्जीच होईल! गाळून लोणी व साल मिसळा.

टिकवण्याचं काम साखर करते. ती इथे नाही, म्हणून थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. पावाला लावू नका, पावानेही साखर वाढते. चक्क्यावर घालून द्या, तेही एक-दोन चमचेच. लोणी-अंडी त्यात आहेतच.