दारूबंदीच्या जिल्ह्यात मद्यार्कावरची इंजिने

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपूरने २०१५ मध्ये तोच मार्ग धरला आणि २०२१ मध्ये सोडला. मात्र आज या दोन्ही जिल्ह्यांतील पेट्रोल पंपांवर विकल्या जाणाऱ्या इंधनाच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे २०० मिलिलिटर मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल असते. मोहाच्या दारूतील मद्यार्काचा रेणू आणि हा रेणू एकच. फरक पाण्याचा. इंधनात मिसळावयाचे इथेनॉल जवळपास निर्जल असावे लागते, आणि साध्या ऊर्ध्वपातनाने ते ९५-९६ टक्क्यांपलीकडे शुद्ध होत नाही. उरलेले पाणी काढण्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. त्यामुळे मोहाच्या भट्टीतील माल दुचाकीच्या टाकीत ओतून भागत नाही, हे सांगण्याची गरज नसावी.

मिश्रणाचे २० टक्क्यांचे उद्दिष्ट मूळ २०३० चे होते. केंद्राने ते पाच वर्षे अलीकडे आणले आणि २०२५ मध्ये गाठल्याचे जाहीरही केले. त्यानंतर गाडीचे 'अ‍ॅव्हरेज' घटल्याच्या तक्रारींना देशभर ऊत आला. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधीची जनहित याचिका फेटाळली. न्यायालयीन वाद संपला, तरी रसायनशास्त्राचा प्रश्न उरतोच.

पेट्रोल हे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण. सिलिंडरमध्ये त्याची वाफ हवेशी मिसळते, ठिणगी पडते, कार्बनचा कार्बन डायऑक्साईड आणि हायड्रोजनचे पाणी होते. या उलथापालथीत सुटलेल्या उष्णतेने वायू प्रसरण पावतात व दट्ट्या खाली ढकलला जातो. इथेनॉलचेही असेच होते. पण त्याच्या वजनाचा सुमारे ३५ टक्के भाग आधीच ऑक्सिजनचा असतो. ते जणू अर्धवट जळालेलेच इंधन आहे. साहजिकच एक लिटर पेट्रोल सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा देते, तर एक लिटर इथेनॉल अवघी २१. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत २० टक्के मिश्रणात लिटरमागे साडेसहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते, आणि १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत साडेतीन टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेही जुन्या घडणीच्या चारचाकींसाठी ६-७ टक्के आणि दुचाकींसाठी ३-४ टक्के घट गृहीत धरली होती. तक्रार करणारे भ्रमात नव्हते. काहींचे आकडे मात्र अवास्तव होते.

इथेनॉलची जमेची बाजूही खरी आहे. त्याचा ऑक्टेन अंक उंच असल्याने इंजिनात अधिक दाब देता येतो आणि ऊर्जेची काही तूट भरून निघते. परंतु त्यासाठी इंजिन तशा घडणीचे हवे. २०२० पूर्वीच्या बहुसंख्य दुचाकींत कार्ब्युरेटर आहे. एक किलो पेट्रोल जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. कार्ब्युरेटरला हा हिशेब कळत नाही. तो पूर्वीच्याच प्रमाणात हवा सोडतो आणि मिश्रण विरळ होते. जुन्या रबरी नळ्या व वॉशर यांच्यावरील परिणाम हा आणखी वेगळा विषय.

हे सारे पुण्या-मुंबईत चर्चेपुरते. गडचिरोलीत दीर्घकाळ वडसा हेच एकमेव रेल्वे स्थानक राहिले. सिरोंचा, एटापल्ली, भामरागडकडे जाणारा शिक्षक वा आरोग्यसेवक दुचाकीवरच अवलंबून असतो, आणि ती नवी असेलच असे नाही. रोज ४० किलोमीटर जाणाऱ्या व लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या गाडीला महिन्याला २४ लिटर लागतात. साडेतीन टक्के घट धरली तर जवळपास पाऊण-एक लिटर जादा. लिटरला शंभर रुपये धरले तरी ८५-९० रुपये. रक्कम फार मोठी नाही. पण कमी ऊर्जेचे इंधन त्याच भावाने विकत घ्यावे लागते, आणि दुसरा पर्याय बहुतेक पंपांवर नाही. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला की गाड्या दिवसेंदिवस उभ्या राहतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, याचा विचार आराखडे आखणाऱ्यांनी या भागापुरता तरी केला पाहिजे होता.

दुसरा धागा तांदळाचा. पूर्व विदर्भ हा धानाचा पट्टा. गडचिरोलीत आदिवासी विकास महामंडळ धान खरेदी करते. एक टन तांदळापासून साधारण ४५० लिटर इथेनॉल मिळते. म्हणजे ४० लिटरची टाकी भरणाऱ्या मोटारीत ८ लिटर इथेनॉल, अर्थात सुमारे १८ किलो तांदूळ जातो. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने भारतीय अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला २,२५० रुपये दराने देण्याचे ठरवले. खरेदी, भरडाई व साठवणूक धरून सरकारला तोच तांदूळ याहून बराच महाग पडतो. परकीय चलन वाचते हे मान्य. पण ही तफावत कोणाच्या खात्यावर पडते, याचा उल्लेख बचतीच्या आकड्यांशेजारी क्वचितच आढळतो.