डीलरची चूक, शिक्षा खेळाडूला!

2009 साली लास व्हेगासमध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट रंगला होता. प्रवेशशुल्क 10,000 डॉलर. फ्रान्सच्या दूरचित्रवाणी निवेदिका एस्टेल डेनी यांच्या हाती दोन एक्के आले. सरासरी 221 डावांत एकदा येणारे, सुरुवातीचे सर्वांत बलवान पत्ते! त्यांनी सगळ्या चिपा पुढे सारल्या आणि डीलरने त्यांचे पत्ते उचलून मकमध्ये, टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात, ढकलून दिले. बाईंनी पत्ते टाकले नव्हते, टाकते असे म्हटलेही नव्हते. तरी निकाल लागला : हात मेला, म्हणजे त्यांचे पत्ते डावातून बाद! तो मारला कोणी, हे मात्र विचारायचे नाही.

हा एका पंचाचा लहरीपणा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. हा नियमच आहे! 2001 साली स्थापन झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनची नियमावली जगभरच्या अनेक स्पर्धा प्रमाण मानतात. ती बजावते की पत्ते सांभाळणे ही खेळाडूची जबाबदारी. डीलरने चुकून हात मारला आणि पत्ते शंभर टक्के खात्रीने ओळखता आले नाहीत, तर दाद नाही. कॉल झालेली, म्हणजे समोरच्याने तितकेच लावून स्वीकारलेली, रक्कम परत नाही. ज्या वाढीव रकमेला कुणी कॉल केलेला नसेल तेवढीच मिळेल. म्हणजे सगळ्या चिपा लावून ऑल-इन झालेल्या खेळाडूला समोरून पूर्ण रकमेचा कॉल आला आणि पत्ते उघडण्याआधीच डीलरचा हात फिरला, तर त्याची स्पर्धा संपली. उठा आणि चालते व्हा! आणि याच नियमावलीचा पहिला नियम काय सांगतो? निर्णय देताना खेळाचे हित आणि न्याय सर्वांत आधी! पहिल्या पानावर न्यायाची द्वाही फिरवायची आणि अन्याय घडला की दार लावून घ्यायचे, याला नियमावली म्हणायचे काय?

डीलर कोणाचा नोकर? आयोजकांचा. प्रवेशशुल्कातला हिस्सा खर्चासाठी कोण कापून घेतो? आयोजकच. बँकेच्या कॅशियरने ठेवीदाराची रक्कम भलत्याच खात्यात भरली, तर ‘तुम्ही स्लिपवर हात का ठेवला नाही?’ असे कोणती बँक विचारील?

‘पत्त्यांवर एक चिप ठेवा,’ असा शहाणपणा सांगितला जातो. अहो, ऑल-इन म्हणजे सगळ्या चिपा पुढे गेल्या. त्यात पत्त्यांवरचीही गेली! शिवाय जागा सोडतीने ठरतात. डीलरच्या डाव्या-उजव्या हाताशी बसलेल्याचे पत्ते त्याच्या कक्षेत सर्वांत आधी येतात. ज्या धोक्याची जागा खेळाडूने निवडलेली नाही, त्याचा सारा भार त्याच्याच माथी का?

एक आक्षेप खरा आहे. भरपाई मिळते म्हटल्यावर हरणारा लबाड मुद्दाम पत्ते डीलरपुढे सरकवील आणि पैसे परत मागेल. ही लबाडी पोकरमध्ये नवी नाही, ती रोखलीच पाहिजे. पण चोर सुटेल म्हणून सावालाही फासावर द्यायचे काय? कॅसिनोच्या टेबलावर कॅमेरे असतात. पत्ते खेळाडूने ढकलले की डीलरने ओढले, हे चित्रणात दिसते. प्रक्षेपणाच्या अनेक टेबलांवर तर पत्त्यांतच आरएफआयडी चिप असते. कोणाला काय वाटले गेले, ते यंत्र जाणते. तिथे हात ओळखता येत नाही असे म्हणणे हा निव्वळ कांगावा आहे.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून झटकू नका. पणजीला मांडवीच्या पात्रातल्या कॅसिनोंवर पोकरच्या स्पर्धा होतात. ऑनलाइन पत्त्यांत ही चूक संभवतच नव्हती. पण 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि आता खेळाडूपुढे उरले ते खरे टेबल, खरा डीलर आणि त्याचा चुकणारा हात.

म्हणून आमची मागणी निःसंदिग्ध आहे. दाद नाकारणारे ते कलम बदला! चित्रणातून किंवा यंत्रातून पत्ते निश्चित ओळखता आले, तर ते खेळाडूच्या हाती परत द्या आणि डाव पुढे चालवा. ओळखता आले नाहीत तर हात मेला, हे आम्हाला मान्य. पण चूक डीलरची असल्याचे चित्रणाने सिद्ध झाले, तर त्या डावात घातलेल्या चिपा खेळाडूला मिळाल्याच पाहिजेत, आणि त्या इतर खेळाडूंच्या ताटातून न काढता आयोजकांनी नव्याने द्याव्यात. आणि खेळाडूंनो, हे लेखी मान्य होईपर्यंत प्रवेशशुल्क भरण्याआधी आयोजकाला एकच प्रश्न विचारा : तुमच्या डीलरने माझे पत्ते चुकून टाकले, तर माझ्या चिपांचे काय? उत्तर लेखी मागा. मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवा.