पदरमोडीचं वाङ्मय

महाराष्ट्रात माणूस तीन प्रसंगी हमखास लेखक होतो : प्रेमात पडल्यावर, निवडणुकीत पडल्यावर आणि सेवानिवृत्त झाल्यावर. पहिले दोन प्रकार आपोआप बरे होतात. तिसरा मात्र जुनाट. कारण त्या वयात हाताशी भरपूर वेळ असतो आणि बँकेत ग्रॅच्युइटी असते. वेळ आहे हे बायकोला कळतं. ग्रॅच्युइटी आहे हे मात्र कसं कोण जाणे, ऑनलाइन पुस्तकं काढून देणाऱ्या कंपन्यांना कळतं.

आमचं कोरपना म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचं जवळजवळ शेवटचं टोक. राजुऱ्याहून गडचांदूरमार्गे या. वाटेत सिमेंटचे कारखाने, सिमेंटचे ट्रक आणि सिमेंटची धूळ लागेल. ते संपलं की कापूस लागतो आणि कापूस संपला की तेलंगणा लागतो. मधे आम्ही. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषा इथे बाजाराच्या दिवशी एकमेकींना धक्के देत फिरतात. पुस्तकाचं दुकान म्हणाल तर गाइडं, वह्या आणि जूनमधे दप्तरं. पण पुस्तकाचं दुकान नाही म्हणून लेखक नाहीत असं समजू नका. विहीर नाही म्हणून तहान थोडीच लागायची राहते?

तर या तहानलेल्या गावात फोन येतो. “सर, आपण ऑथर आहात ना?” आता आयुष्यभर ज्याला ‘ओ मास्तर’, ‘ओ बाबू’ नाहीतर घरात ‘अहो, ऐकलं का’ एवढ्याच पदव्या मिळाल्या, त्याला एकदम ‘ऑथर’ म्हटल्यावर तो काय करील? खुर्चीत सरळ बसतो. तिथेच अर्धं गिऱ्हाईक झालं. मग पॅकेजं सांगितली जातात. चांदी, सोनं, प्लॅटिनम, हिरा! पुस्तक छापायला निघालोय की मुलीच्या लग्नाचे दागिने करायला, ते कळेनासं होतं.

या हिऱ्यामाणकांत असतं काय? पहिलं रत्न म्हणजे ‘आयएसबीएन’. हा तेरा आकडी क्रमांक पुस्तकाला मिळाला की ते ‘आंतरराष्ट्रीय’ होतं, असं सांगतात. आपल्या देशात हा क्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था देते, आणि ती तो फुकट देते. लेखकाने स्वतः अर्ज केला तरी देते. सरकारी कचेरीतून फुकट मिळणारी एक वस्तू या देशात शिल्लक आहे आणि तीही आम्ही पैसे देऊन घेतो, याला काय म्हणावं?

दुसरं रत्न म्हणजे ‘जगभर उपलब्ध’. याचा अर्थ एवढाच की संकेतस्थळावर पुस्तकाच्या मुखपृष्ठाचं चित्र लागतं. मागणी आली तर एक प्रत छापायची, नाही आली तर नाही. ही सोय मुळात वाईट नाही. माळ्यावर गठ्ठे साठत नाहीत. पण एकेक प्रत छापली की ती महाग पडते आणि शंभर पानांचा कवितासंग्रह थाळीच्या भावाने विकावा लागतो. शिवाय जगभर उपलब्ध असणं निराळं आणि जगात कुणाला हवं असणं निराळं. उपवर मुलगाही जगभर उपलब्धच असतो.

तिसरं रत्न ‘बेस्टसेलर’. यातली गंमत ऐका. पुस्तक एखाद्या अशा कप्प्यात टाकायचं की ज्यात फारसं कुणी नाही. मग नागपूरचा साळा, पुण्याची लेक आणि अमेरिकेतला पुतण्या यांनी एकाच दुपारी प्रती मागवायच्या. क्रमवारी सारखी बदलत असते. त्यामुळे चहा होईस्तोवर आपण पहिले. लगेच पडद्याचा फोटो काढायचा, कारण कप धुवून होईस्तोवर एकोणिसावे झालेलो असतो.

बरं, ई-पुस्तकाला तर छपाईचा खर्चच नाही. ॲमेझॉनच्या किंडलवर 2016च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं आहेत. तिथे लेखकाला पुस्तक चढवायला एक पैसा पडत नाही. मानधन किमतीच्या 35 टक्के. आपल्याकडच्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर नव्वद-नव्वद दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही द्यायचं नाही, अशी अट. व्यवहार लिहिलेला आहे, पटला तर घ्या. पण हीच फुकटची गोष्ट ‘ई-बुक निर्मिती व जागतिक वितरण’ या नावाने पॅकेजात बसते आणि तिची किंमत पाहून क्विंटलभर कापूस आठवतो.

त्यात मराठीचे म्हणून खास भोग. तालुक्याच्या डीटीपीवाल्याने मजकूर जुन्या फाँटात बसवलेला असतो. तो युनिकोडमधे न बदलता तसाच नेला की कवितेचं जे होतं ते कवितेनेही कधी केलं नसेल. रफार एका गावी, वेलांटी दुसऱ्या गावी, आणि मधे नुसते चौकोन. नवकविता म्हणून खपवायची म्हटली तरी लाज वाटते.

इथवर वाचून पुण्या-मुंबईचे काही साहित्यिक गालात हसत असतील. “आम्ही म्हणतच होतो, स्वखर्चाने छापलेलं ते काय वाङ्मय!” त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे : राजेहो, तुम्ही हसू नका. माझं भांडण पदरमोडीशी नाहीच.

जोतीराव फुल्यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे ठेवलं, तेव्हा कमिटीने ते नाकारलं. त्यांचा 1883चा ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांच्या हयातीत पुरता पुस्तकरूपाने आलाच नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 साली मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं ते खिशाला खार लावून, कोर्टाच्या पायऱ्या चढत. अरुण कोलटकर आणि त्यांच्या कवीमित्रांनी तर मुंबईत आपली आपणच प्रकाशनसंस्था काढली. 1976 सालचं इंग्रजी ‘जेजुरी’ तिथलंच. म्हणजे वाङ्मयाच्या दिवाणखान्यात आज ज्यांच्या तसबिरी लागल्यात, त्यांच्यातल्या कित्येकांना दारवानाने हटकलेलं आहे. दारवान म्हणतो तेच खरं असतं तर मराठी वाङ्मय अर्धं झालं असतं आणि उरलेलं अर्धं फार सभ्य झालं असतं.

मग फरक कुठे? पैसा कुणाचा यात नाही, गिऱ्हाईक कोण यात आहे. ज्या धंद्याचं गिऱ्हाईक वाचक असतो, त्याला पुस्तक बरं काढावं लागतं. नाहीतर तो बुडतो. ज्या धंद्याचं गिऱ्हाईक लेखक असतो, त्याचा नफा छपाई सुरू होण्याआधीच गल्ल्यात पडलेला असतो. मग पुस्तक खपलं काय अन् कसरीने खाल्लं काय!

आमच्याच मुलखातलं उदाहरण घ्या. जरा पूर्वेकडे झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकं सुरू होतात. वडशाच्या कंपन्या गावोगाव मंडप ठोकतात आणि माणसं थंडीत रात्रभर तिकीट काढून बसतात. तिथल्या परशुराम खुण्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. या रंगभूमीला कुणी पुण्या-मुंबईच्या समीक्षकाने उभं केलेलं नाही. हेही स्वयंप्रकाशनच की! पण तिथे कंपनी तिकिटं प्रेक्षकांना विकते, नटांना नाही. “तुम्हाला राजाची भूमिका देतो, त्यासाठी चाळीस हजार भरा, आणि प्रेक्षक तुमचे तुम्ही आणा,” असं वडशात कुणी म्हणालं तर मंडपाचा बांबू कुठे बसेल, सांगता येत नाही.

बांबूवरून आठवलं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कारखान्यात कागद होण्यासाठी गेला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला आपल्याच बांबूवरचा हक्क हातात मिळायला 2011 साल उजाडावं लागलं. लेखकाचंही तसंच चाललंय. बांबू आमचा, कागद आमचा, मजकूर आमचा, पैसे आमचे. फक्त हक्क दुसऱ्याचा. आणि शेवटी रद्दी झाली तर ती पुन्हा आमची!

ही नुसती थट्टा नाही. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी तीस वर्षं कोलामांच्या गुड्यांवर शाळा चालवली आणि पोरांकडून, म्हाताऱ्यांकडून झाडापाल्याची, पाखरांची, पावसाची कोलामी नावं वहीत उतरवली. सांगणाऱ्यांपैकी बरेचजण आता नाहीत. त्या वह्यांचं पुस्तक एका कंपनीने सोन्याच्या पॅकेजात काढलं. मुद्रितं कुणी तपासली नाहीत. संकेतस्थळावर ते ‘आरोग्य व सौंदर्य’ या कप्प्यात गेलं. गुरुजींनी चुका दुरुस्त करायला छपाईची फाइल मागितली, तर उत्तर आलं, “सर, ती आमची प्रॉपर्टी आहे. दुरुस्तीचं पॅकेज वेगळं आहे.” गुरुजी रागावलेसुद्धा नाहीत. मला म्हणाले, “पैशाचं काही नाही भाऊ. पण एका म्हातारीनं सांगितलेल्या झाडाचं नावच चुकून राहिलं त्यात. आता ते बरोबर आहे का, हे कोणाले विचारू?”

म्हणून माझं म्हणणं असं की पुस्तक काढा, जरूर काढा, पण प्रकाशक म्हणवायचं असेल तर प्रकाशकाचं काम करा. आधी असा एक मित्र गाठा जो ‘हे पान काढून टाक’ म्हणेल. चंद्रपूर-नागपूरच्या छापखान्यात दोनशे प्रतींचा भाव स्वतः विचारा. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिथे अर्ज टाका. आयएसबीएन स्वतः मागा. फाइल आपल्या हातात ठेवा आणि हक्क कुणाला लिहून देऊ नका. पोस्टाची रजिस्टर्ड बुकपोस्ट 2024च्या डिसेंबरात बंद झाली, तरी 2025च्या मेपासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे. ज्या शंभर माणसांना पुस्तक खरोखर हवंय, त्यांना ते पाठवा. शंभर माणसं सापडत नसतील तर हिऱ्याच्या पॅकेजातही सापडणार नाहीत.

आणि एक काम, जे कुठल्याच पॅकेजात मी पाहिलेलं नाही. 1954च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. तेवढ्या चार प्रती पाठवा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 साली पुण्याच्या शिवाजी छापखान्यात छापली गेली. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. पुढे लोक तिला विसरले. 1975 साली स. गं. मालशे यांनी ती पुन्हा उजेडात आणली, तेव्हा महाराष्ट्राला कळलं की आपल्याकडे असं काही लिहिलं गेलं होतं. मधली त्र्याण्णव वर्षं ते पुस्तक बेस्टसेलर नव्हतं, जगभर उपलब्ध नव्हतं. कुठेतरी एक प्रत टिकून होती, एवढंच.