अनोळखी स्वरांचा कैवारी

कीर्तिमंतांचा जयघोष कोणीही करील. अनोळखी गळ्यातील गुण ओळखावयास मात्र जातिवंत रसिकता लागते. बी.बी.सी.च्या ‘रेडिओ वन’वर जॉन पील यांनी १९६७ पासून २००४ साली मृत्यू येईपर्यंत हेच व्रत चालविले. नवख्या बँडांनी पाठविलेल्या ध्वनिफिती ते आस्थेने ऐकत. उत्तर आयर्लंडमधील डेरी गावच्या ‘द अंडरटोन्स’ या अप्रसिद्ध तरुणांचे गीत १९७८ मध्ये त्यांनी लागोपाठ दोनदा वाजविले, आणि त्या मंडळींचा मार्ग मोकळा झाला. आज गाणी सुचविण्याचे काम संगणक करतो. परंतु बहुतांनी ऐकलेलेच तो बहुधा पुढे करतो. स्वतः गीते रचून गाणाऱ्या नवोदितांची उपेक्षा थांबवावयाची, तर पील यांचे व्रत श्रोत्यांनीच उचलले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आठवड्यातून निदान एक अनोळखी गीत अखेरपर्यंत ऐकावे, आणि आवडल्यास चार जणांस सांगावे.