तिला विचारलं का कुणी?

गेल्या पावसाळ्यात धुळ्याला आमचे दोन दिवसांचे शिबिर होते. विषय होता, ‘अंधश्रद्धा आणि बाई’. पहिल्या दिवशी कायद्याची माहिती झाली, गटचर्चा झाली, गाणी झाली. रात्री जेवणे उरकल्यावर मी म्हटले, सिनेमा पाहू या. कुठला? तर मेलेली माणसे उठून जिवंतांना खातात, असा. आमच्या ज्येष्ठ कार्यकर्तीने कपाळावर हात मारला. ‘अगं, दिवसभर भूत नाही म्हणून घसा कोरडा करायचा आणि रात्री भुताचाच सिनेमा लावायचा?’

प्रश्न रास्त होता. तरी मी हट्ट सोडला नाही. मला झोंबीपट मनापासून आवडतात, आणि ही आवड आजवर मी चळवळीतल्या मैत्रिणींपासून जरा लपवूनच ठेवली होती. बाईच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांनी काय पाहावे याची आपलीही एक अलिखित यादी असते. तीत ‘उंबरठा’ बसतो, हे बसत नाही. ‘झोंबी’ म्हटले की आपल्याला आनंद यादवांची कादंबरी आठवते, चालते प्रेत आठवत नाही. म्हणून हा लेख. चांगला झोंबीपट कुठला, आणि तो आपल्या कामाचा का, हे मला सांगायचे आहे.

त्या रात्री आम्ही जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ सालचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पाहिला. काळ्या-पांढऱ्या रंगातला, तुटपुंज्या पैशात काढलेला अमेरिकन सिनेमा. मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. मेलेली माणसे उठली आहेत. एका शेतघरात काही अनोळखी माणसे अडकतात. त्यांच्यात बेन नावाचा एक काळा तरुण आहे. तोच दारे-खिडक्यांना फळ्या ठोकतो, तोच धीर धरतो. बाहेरच्या प्रेतांपेक्षा घरातल्या माणसांचे भांडणच जास्त घात करते. सगळे मरतात, बेन एकटा रात्र काढतो. सकाळी बंदूकवाल्यांची टोळी कुत्री घेऊन येते. बेन खिडकीपाशी येतो. टोळीतला एक जण नेम धरतो आणि त्याच्या कपाळात गोळी घालतो. मग आकड्यांनी ओढून त्याचे प्रेत बाकीच्या प्रेतांबरोबर जाळतात.

खोलीत कुणी बोलेना. मग साक्री तालुक्यातून आलेली एक मावशी म्हणाली, ‘त्याले कोनी इचारं का, तू जित्ता शे का म्हनीसन?’

इतक्या वर्षांत हा सिनेमा मी किती वेळा पाहिला असेन, पण त्यावर इतके नेमके बोललेले मी ऐकले नव्हते. चांगल्या झोंबीपटाची माझी कसोटी तेव्हापासून हीच झाली आहे. समोरच्याला मारण्याआधी, कोंडण्याआधी, हाकलण्याआधी कुणी काही विचारले का? आणि विचारायचे नाही असे कुणी ठरवले?

आपल्याकडच्या भुतांची गोष्ट वेगळी. बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ झाली, असे म्हणतात. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेल्याचा मुंजा होतो. प्रत्येक भुताला नाव असते, इच्छा असते, तक्रार असते. हडळीची तक्रार तर मुळात जिवंतपणीच ऐकायला हवी होती. झोंबीला मात्र नाव नाही, आठवण नाही, तक्रार नाही. तो नुसता देह. म्हणूनच त्याला मारताना कुणाचा हात थरथरत नाही.

हा नुसता देह आला कुठून? हैतीतून. तिथल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना राबवले गेले. १७९१ साली त्यांनी उठाव केला आणि १८०४ साली देश स्वतंत्र केला. पण मनातली भीती गेली नाही. मेल्यावर तरी सुटका होईल म्हणावे, तर जादूगार प्रेत उठवून पुन्हा कामाला जुंपील, ही ती भीती. मूळचा झोंबी कुणाला खात नाही. तो राबतो. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकी सैन्य हैतीत होते. त्याच काळात या गोष्टी अमेरिकेत पोचल्या आणि १९३२ साली ‘व्हाइट झोंबी’ हा सिनेमा आला. त्यात साखरेच्या गिरणीचा एक प्रसंग आहे. ओळीने प्रेते टोपल्या वाहत आहेत. एक जण तोल जाऊन यंत्रात पडतो. कुणी थांबत नाही, यंत्रही थांबत नाही.

हा प्रसंग पाहताना मला चाळीसगावकडून, साक्रीकडून, नंदुरबारच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर निघणाऱ्या ऊसतोड टोळ्या आठवतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कुणी दक्षिण गुजरातच्या कारखान्यांवर. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसे मोजायची नाहीत, कोयते मोजायचे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि गर्भाशय काढलेल्या बायका हजारांनी निघाल्या. पाळीमुळे खाडा नको, बाळंतपणामुळे खाडा नको. देह तेवढा कामावर हजर पाहिजे. मला सांगा, झोंबी याहून निराळा असतो का?

‘व्हाइट झोंबी’त आणखी एक गोष्ट आहे. एका जमीनदाराला दुसऱ्याची वाग्दत्त वधू हवी असते. जादूगाराच्या मदतीने तो तिला झोंबी करतो. आता ती उलट बोलत नाही, नकार देत नाही, सांगितले की पियानो वाजवते. आणि तिचे रिकामे डोळे पाहून थोड्याच दिवसांत त्याचा धीर सुटतो. हिला पूर्वीसारखी कर, म्हणून तो जादूगाराच्या विनवण्या करतो. आज्ञाधारक बायको मिळाली की काय मिळते, हे इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा सिनेमा मी पाहिलेला नाही.

या सिनेमांतल्या बायकांबद्दल तक्रारीही पुष्कळ आहेत. १९६८च्या सिनेमातली बार्बरा धक्क्याने सुन्न होते ती जवळजवळ शेवटपर्यंत. १९९०च्या नव्या आवृत्तीत तिला लढाऊ केली. पण नुसती बंदूक हातात दिल्याने सिनेमा बायकांचा होत नाही. ‘रेसिडेंट इव्हिल’ची नायिका शेकडो झोंबी लोळवते, आणि सिनेमा संपल्यावर तिच्याबद्दल सांगण्यासारखे काही उरत नाही. मला रोमेरो यांच्याच १९७८ सालच्या ‘डॉन ऑफ द डेड’मधली फ्रॅन आवडते. चौघे जण एका मोठ्या बाजार-संकुलात आसरा घेतात. फ्रॅन गरोदर आहे. गर्भ पाडायचा का, यावर पुरुष आपसात बोलतात, पलीकडे असलेल्या तिला कुणी विचारत नाही. ती ऐकते आणि मग स्वतःच्या अटी सांगते. तुमची देखभाल करणारी आई मी होणार नाही, बंदूक शिकेन, हेलिकॉप्टर चालवायला शिकेन. शेवटी ती शिकलेलीच विद्या दोघांना वाचवते. ‘ट्रेन टू बुसान’ या २०१६च्या कोरियन सिनेमातही गरोदर बाई आहे, आणि २०२२ साली आलेल्या आदित्य सरपोतदार यांच्या मराठी ‘झोंबिवली’तही. पोटातले मूल म्हणजे उद्याची आशा, हे ठीकच. पण पोटासकट ती बाईही एक माणूस आहे, हे फ्रॅनइतके फार थोड्या जणींच्या वाट्याला येते.

‘झोंबिवली’ मला दुसऱ्या कारणासाठी आवडला. एकीकडे उंच इमारत, शेजारी झोपडपट्टी, आणि मध्ये पाण्याचा प्रश्न. आपला सिनेमा आपल्या नळावर येऊन उभा राहिला. धुळ्यातल्या मैत्रिणींना नळाची वाट पाहणे काय असते हे मी सांगायला नको.

आता चाव्याबद्दल. झोंबीपटाचा नियम असा, की ज्याला चावले तो गेला. तो अजून बोलतो आहे, रडतो आहे, तरी तो आपला नव्हे. १९९४ साली जळगावात जे उघडकीस आले तेव्हा मी पाळण्यात होते. पण मोठ्या कार्यकर्त्यांकडून ते इतके ऐकले आहे की पाहिल्यासारखे वाटते. मुलींना जाळ्यात ओढून, फोटोंची धमकी देऊन चाललेले शोषण, आरोपींच्या मागे असलेले राजकीय वजन, मोर्चे, विशेष न्यायालय. आणि त्याबरोबर शहरात कुजबुज कुणाची? मुलींची. जळगावची मुलगी म्हटले की स्थळ माघारी जायचे. चावणारे बाजूलाच राहिले आणि चावा बसलेल्यांना, किंवा बसला असेल अशा संशयावरून सगळ्याच मुलींना, बाटलेले ठरवून मोकळे झाले.

म्हणून ‘ट्वेंटी एट डेज लेटर’ हा २००२चा सिनेमा मला मोठा वाटतो. त्यातले लोक मेलेले नाहीत, रोगाने पिसाळलेले आहेत. सेलिना ही काळी तरुणी जगण्याचा एकच नियम पाळते. ज्याला लागण झाली त्याला क्षणात मारायचे, मग तो सोबती का असेना. पुढे ती एका किशोरवयीन मुलीबरोबर सैनिकांच्या आश्रयाला पोचते. भिंती आहेत, दिवे आहेत, जेवण आहे. मग कळते, की मेजरने आपल्या शिपायांना बायका देण्याचे वचन देऊन ठेवले आहे. आणि शेवटी रक्ताने माखलेला जिम समोर येतो तेव्हा सेलिना कोयता उगारते आणि एक क्षण थांबते. तो माणूसच आहे. तो थांबलेला क्षण म्हणजे सगळा सिनेमा आहे. मावशीच्या भाषेत सांगायचे, तर तिने इचारं.

इथपर्यंत सोपे होते. आता अवघड भाग सांगते.

काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात एका विधवा बाईला डाकीण ठरवले. दिराच्या घरातले मूल तापाने गेले होते. भगताने दाणे पाहिले आणि तिचे नाव घेतले. तिच्या नावावर तीन एकर जमीन होती, हे भगताला दाणे न पाहताही ठाऊक होते. डाकीण म्हटल्यावर तिच्याशी बोलणे बंद, विहीर बंद. उद्या कुणी दगड उचलला तर त्याला वाटणार, मी बाईला मारत नाही, डाकिणीला मारतो आहे. आम्ही गेलो, पोलीस आणले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली झालेला जादूटोणाविरोधी कायदा हाताशी होता. त्यात सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे. त्याच रात्री आम्ही बाईला गाडीत घालून शहरात आणले आणि एका संस्थेत ठेवले. अहवालात लिहिले, ‘सुटका’. तो अहवाल मीच लिहिला होता.

ती तिथे आठ महिने होती. फाटकाला कुलूप, भेटीला परवानगी. ‘उंबरठा’ पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको. ती परत गेली तेव्हा तिच्या वावरात दिराने कापूस लावला होता. भगताला पकडता येईल असा कायदा आपण मिळवला, पण बाई गाव सोडून गेल्यावर पेरणी कुणी केली, हे तो कायदा विचारत नाही. ती मला रागाने काही बोलली नाही. एवढेच म्हणाली, ‘ताई, तुमी माले इचारंच नही.’ तिला गावातच राहायचे होते. शेजारच्या पाड्यावरच्या लेकीला बोलावून, पोलिसांना अंगणात बसवून, पण स्वतःच्या घरात.

त्या रात्री ती राहिली असती तर काय झाले असते, ते मी सांगू शकत नाही. कदाचित आज ती नसती. मोठ्या ताई म्हणतात, जीव वाचला हे काय कमी आहे? त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. पण गाडीत बसायच्या आधी पाच मिनिटे थांबून तिला विचारता आले असते, हे मी जाणते. गावाने तिला डाकीण म्हटले, आम्ही ‘केस’ म्हटले. दोन्हींत फरक आहे, मोठा फरक आहे. पण विचारले दोघांनीही नाही.

म्हणून मैत्रिणींनो, माझे म्हणणे एवढेच. शिबिरात हे सिनेमे जरूर दाखवा. रात्रीच्या करमणुकीसाठी दाखवायला हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर बोला. कुणाला नुसता देह ठरवले, कुणी ठरवले, जमीन कुणाला मिळाली, आसऱ्याच्या जागेची किल्ली कुणाकडे होती, हे प्रश्न मांडा. आणि आपल्या केंद्रांतल्या नोंदवहीत, ‘काय मदत दिली’ या रकान्याच्या आधी, एक नवा रकाना आखा : ‘तिला काय हवे होते?’ आमच्या वहीत तो आम्ही आखला आहे. भरायला वेळ लागतो. कधी कधी तिचे उत्तर आपल्याला पटत नाही. तरी तिच्याच शब्दांत लिहायचे, असे ठरले आहे.

साक्रीच्या मावशीने दुसऱ्या दिवशी निघताना विचारले, पुढच्या शिबिरात कुठला सिनेमा? मी म्हटले, तुम्हीच सांगा.