चेक आधी, भाव मागून

पुण्या-मुंबईत नव्या घराची विक्री आता ‘ईओआय’पासून सुरू होते. ईओआय म्हणजे प्रकल्पात रस असल्याचे ग्राहकाने लिहून देणे, आणि त्या लिहिण्याला वजन यावे म्हणून सोबत चेक जोडणे. चेक पन्नास हजारांचा असतो, दोन लाखांचा असतो, मोठ्या घरांसाठी पाच-दहा लाखांचाही असतो. चेक देताना ग्राहकाला प्रकल्पाचे नाव माहीत असते, नकाशा दाखवलेला असतो, क्लबहाउसमधल्या तरणतलावाचे चित्र तर तोंडपाठ झालेले असते. माहीत नसते ती किंमत. ती ‘लाँच’च्या दिवशी सांगितली जाते, तोवर ‘अमुक लाखांपासून पुढे’ एवढा आकडा आणि त्याच्या डोक्यावर बारीक चांदणी. मंडईत कोथिंबिरीची जुडीसुद्धा भाव विचारल्यावरच पिशवीत पडते.

या रविवारी वर्तमानपत्रांची पहिली पाने पुन्हा अशाच जाहिरातींनी झाकली गेली. त्यांतल्या एकीत तर ‘काही तासांत सर्व घरे विकली गेली’ म्हणून ग्राहकांचे जाहीर आभार मानले होते, आणि त्याच पानाच्या तळाशी पुढच्या टप्प्याची ईओआय सुरू झाल्याचे कळवले होते. अशा आभारांवर या स्तंभाचा विश्वास नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. रेरा कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ३ नुसार महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी झाल्याशिवाय प्रकल्पाची जाहिरात, बुकिंग, विक्री यांपैकी काहीही करता येत नाही. खरेदीचे निमंत्रणही देता येत नाही. हे कलम मोडले तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड आहे. कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणून विक्री कार्यालयांत ‘नऊ पॉइंट नऊ’ हा आकडा रूढ झाला: करारनाम्याआधी ९.९ टक्के भरून घ्यायचे, म्हणजे कायदाही मोडत नाही आणि ग्राहकही अडकतो. ईओआयची जागा याच्याही अलीकडची. चेक वटवलेला नाही, म्हणून ते बुकिंग नाही. नुसता रस आहे, म्हणून वाटपपत्र नाही. पैसे घेण्याआधी किंमत जाहीर करा, असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. सगळा खेळ या मोकळ्या जागेत चालतो.

लाँचच्या दिवशीचा क्रम ठरलेला असतो. ज्याची ईओआय आधी, त्याचा टोकन नंबर आधी. सॅम्पल फ्लॅटमधून कुटुंबाला फिरवून आणतात. तिथे खोल्यांना दारे नसतात, भिंतीवर आरसा असतो आणि पलंगाला उशा जरा जास्तच असतात. मग टेबलाशी बसवून कॉस्ट शीट पुढे सरकवतात. मूळ दर, त्यावर वरच्या मजल्यासाठी ‘फ्लोअर राइज’, बागेकडे तोंड असेल तर त्याचे वेगळे, पार्किंग, ‘डेव्हलपमेंट चार्जेस’, आणि तळाशी ‘आजच्या दिवसापुरती’ सूट. समोरच्या पडद्यावर मजल्यांचा तक्ता असतो आणि एकेक चौकोन लाल होत जातो. निर्णयाला दहा मिनिटे मिळतात, कारण बाहेर पुढचा नंबर थांबलेला असतो. बाहेर थांबलेल्यांत ग्राहक किती आणि चॅनल पार्टनरची, म्हणजे दलालांची, माणसे किती, याची मोजदाद कोणी केलेली नाही. ज्याने लाँचच्या दिवशी विक्री कार्यालयाबाहेरचा वाहनतळ पाहिला आहे, त्याला तिची गरजही वाटणार नाही.

या पद्धतीचे समर्थन एकच असते: मागणीच इतकी आहे की याखेरीज इलाज नाही. हे समर्थन तपासायला म्हाडाच्या सोडतीइतके चांगले माप दुसरे नाही. २०२४ मध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाने २,०३० घरांची सोडत काढली आणि सुमारे १ लाख १३ हजार अर्ज आले. एका घरामागे पंचावन्नच्या वर अर्जदार. एवढी चढाओढ कोणत्याही बिल्डरच्या लाँचला नसते, आणि असली तरी तिचा आकडा सिद्ध करता येत नाही. तरीही सोडतीत कोणाला ‘आजच्या आज ठरवा’ असे सांगितले जात नाही. घर कोणत्या इमारतीत, क्षेत्रफळ किती, किंमत किती, कोणत्या उत्पन्न गटासाठी, अनामत किती, हे सगळे अर्ज भरण्याआधी माहितीपुस्तिकेत छापलेले असते. मुंबईच्या अलीकडच्या सोडतींत अनामत अत्यल्प गटाला २५ हजार, अल्प गटाला ५० हजार, मध्यम गटाला १ लाख आणि उच्च गटाला दीड लाख अशी राहिली आहे. नंबर लागला नाही तर ती खात्यात परत येते. त्यासाठी कोणाला फोन करावा लागत नाही आणि ‘सरांशी बोलून सांगतो’ हे उत्तर ऐकावे लागत नाही.

दोन्हीकडे घरे थोडी आणि माणसे जास्त. फरक क्रमात आहे. म्हाडा आधी किंमत सांगते, मग पैसे घेते, मग गर्दी मोजते आणि मोजलेला आकडा जाहीर करते. बिल्डर आधी पैसे घेतो, त्यावरून गर्दीचा अंदाज बांधतो आणि मग किंमत ठरवतो. ईओआयचा खरा उपयोग तोच आहे. दोनशे घरांसाठी चारशे चेक जमले तर दर कुठवर नेता येईल, हे बिल्डरला लाँचच्या आदल्या रात्री कळलेले असते. ग्राहकाने दिलेला चेक अशा रीतीने त्याच्याच विरुद्ध वापरला जातो. रस किती आहे हे त्याने लिहून दिलेले असल्यामुळे घासाघीस करायला त्याच्या हातात काही उरत नाही.

म्हाडाची आरती ओवाळण्याचे कारण नाही. सोडतीत मजला निवडता येत नाही. अधिवासाच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी खेटे घालावे लागतात. ताबा मिळायला लागणाऱ्या वेळाबद्दल या स्तंभात पूर्वीच पुरेशी आगपाखड झाली आहे. २०२३ च्या सोडतीत ताडदेवचे एक घर साडेसात कोटींच्या घरातले होते. ते कोणत्या सर्वसामान्यासाठी होते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. सोडतीत आमदार-खासदारांसाठी राखीव घरे असतात, ती वेगळीच. मुंबईतल्या बेघरांत लोकप्रतिनिधीही मोडतात, हे शोधून काढणारी म्हाडा एकटीच. पण या दोषांतला एकही किंमत आधी छापल्यामुळे आलेला नाही.

किंमत आणि जागा आधी कळली की माणसे काय करतात, याचा दाखलाही म्हाडाकडेच आहे. कोकण मंडळाच्या विरार-बोळिंजमधल्या हजारो घरांना सोडतीत गिऱ्हाईक मिळेना. पाण्याची अडचण, स्टेशनपासूनचे अंतर, आसपासच्या खासगी घरांचे दर, हे सगळे लोकांनी हिशेबात घेतले आणि पाठ फिरवली. शेवटी तीच घरे ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ म्हणून विकायला काढावी लागली. मुंबईत लाखावर अर्ज आणि विरारला शुकशुकाट, या दोन्हींत गिऱ्हाईक तेच आणि विक्रेताही तोच. विचार करायला वेळ मिळाला की गिऱ्हाईक शहाण्यासारखे वागते, एवढाच याचा अर्थ.

उलट बाजू सिडकोने दाखवली. २०२४ च्या दसऱ्याला नवी मुंबईत २६ हजार घरांची योजना जाहीर झाली आणि नावनोंदणीला झुंबड उडाली. किमती मात्र जाहीर झाल्या जानेवारी २०२५ मध्ये. त्या पाहून अनेकांनी कपाळाला हात लावला. फेब्रुवारीत प्रत्यक्ष सोडतीच्या वेळी अर्जदार उरले साडेएकवीस हजारांच्या आसपास, म्हणजे घरांपेक्षाही कमी. सरकारी संस्थेने बिल्डरचा क्रम उचलला आणि तिची गर्दी किंमत कळताच ओसरली. बिल्डरच्या लाँचला ती ओसरत नाही, कारण किंमत कळणे आणि सही करणे यांत तिथे दहाच मिनिटे असतात.

क्षेत्रफळाचा मुद्दा या स्तंभात शंभरदा येऊन गेला आहे. तो एकशे एकाव्यांदा येण्याचा दोष बिल्डरांचा. महाराष्ट्रात महारेराचे काम मे २०१७ पासून सुरू आहे आणि तेव्हापासून घराचे माप म्हणजे कार्पेट: घराच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती वगळून. म्हाडाच्या पुस्तिकेत चटई क्षेत्रच असते. पुण्यात मात्र फोनवर अजून ‘अकराशेचा टू बीएचके’ सांगितला जातो आणि करारनाम्यात तो साडेसातशेचा निघतो. मधले साडेतीनशे फूट जिन्यात, लिफ्टपुढे आणि क्लबहाउसमध्ये असतात असे म्हणतात. ईओआयच्या कागदावर तर बहुधा यांतले कुठलेच माप नसते.

घाईचा सगळ्यात मोठा फटका हिशेबाला बसतो. पुण्यातले ८० लाख करारमूल्याचे बांधकाम सुरू असलेले घर घेतले, तर त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख. पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार. घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर त्यात एक टक्का सवलत. नोंदणी शुल्क ३० हजार. वरचा खर्चच ९ लाख ९० हजार झाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांवरच्या कर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या ७५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांची; मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही. बँकेने साठ लाख दिले तर उरलेले वीस आणि वरचे दहा, असे जवळपास तीस लाख स्वतःच्या खिशातून उभे करायचे. हे तीस लाख कुठून येणार, हा प्रश्न दोन लाखांचा चेक लिहिताना कोणी विचारत नाही. लाल होत जाणाऱ्या चौकोनांसमोर तर नाहीच नाही.

बुकिंग झाल्यावर माघार घ्यायची ठरवली तर काय होते, हेही पाहावे. महारेराच्या वाटपपत्राच्या नमुन्यात वाटप रद्द केल्यावर किती कापायचे, याचे टप्पे आहेत: १५ दिवसांच्या आत काहीच नाही, तिसाव्या दिवसापर्यंत किमतीचा १ टक्का, साठाव्यापर्यंत दीड आणि त्यानंतर २ टक्के. ८० लाखांच्या घराला २ टक्के म्हणजे १ लाख ६० हजार. हे संरक्षण वाटपपत्र हातात आल्यानंतरचे. ईओआयला असा नमुना नाही. तिच्या अटी बिल्डर स्वतः लिहितो आणि ग्राहक उभ्या उभ्या सही करतो.

‘सर्व घरे विकली गेली’ हे तपासायला दोन जागा आहेत आणि दोन्ही घरबसल्या उघडतात. किती घरांचे बुकिंग झाले, ही माहिती दर तिमाहीला महारेराच्या संकेतस्थळावर भरणे बिल्डरला बंधनकारक आहे. जाहिरातीतला ‘संपलेला’ प्रकल्प तिथे अनेकदा बराच शिल्लक निघतो, कारण संपलेले असते ते एका टॉवरचे एका लाँचला काढलेले मजले. दुसरी जागा नोंदणी विभागाची. शेजारच्या इमारतीत लोकांनी खरोखर किती पैसे मोजले, ते नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात, म्हणजे इंडेक्स टूमध्ये, लिहिलेले असते आणि विभागाच्या ई-सर्चवर शोधता येते. विक्री कार्यालयात ‘इथला रेट’ म्हणून जे सांगितले जाते आणि इंडेक्स टूमध्ये जे असते, त्यांतले अंतर हाच घासाघिशीचा खरा वाव.

हे सगळे पाहायला एक आठवडा पुरतो. तो आठवडा ग्राहकाला मिळू नये अशीच लाँचची रचना आहे, आणि ती बदलणे महारेराला अवघड नाही. ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा झाला, तेव्हाही आधी कुरकुर झाली आणि मग सगळ्यांनी निमूट छापला. आता त्या कोडशेजारी कार्पेटचा दर छापणे सक्तीचे करावे. ईओआयचा एकच नमुना ठरवून द्यावा आणि त्यात घराचे क्षेत्रफळ, संपूर्ण किंमत आणि पैसे परत मिळण्याची तारीख लिहायला लावावी. तोवर ग्राहकांनी एवढे करावे: भाव लेखी हातात येत नाही, तोपर्यंत चेकबुक घरीच ठेवावे.