एक प्लेट, एकच चमचा

युरोपला जाऊन आलं की शेजारपाजारच्या सगळ्याजणी पहिला प्रश्न विचारतात, "जेवणाचे हाल झाले असतील ना गं?" मैत्रिणींनो, जेवणाचं सोडा, गोडाचं विचारा! आयफेल टॉवरचे फोटो कुठल्या अल्बममध्ये आहेत ते मला आता आठवत नाही, पण व्हिएन्नातल्या केकची चव जिभेवर आहे.

त्याचं नाव झाखरटोर्ट. नाव ऐकून मला आपली साखरच आठवली, पण हे आडनाव आहे. फ्रान्झ झाखर नावाच्या सोळा वर्षांच्या शिकाऊ मुलाने १८३२ साली तो केला असं सांगतात. चॉकलेटचा केक, त्याला जर्दाळूचा जॅम, वरून चॉकलेटचं चकचकीत आवरण आणि शेजारी बिनसाखरेच्या फेटलेल्या क्रीमचा गोळा. जॅम नेमका कुठे लावायचा आणि 'अस्सल' कुणी म्हणवून घ्यायचं, यावरून तिथलं एक हॉटेल आणि एक मिठाईवाले वर्षानुवर्षं कोर्टात भांडले! १९६३ मध्ये ते मिटलं.

खरं सांगू? केकपेक्षा मी तो खाणाऱ्या बायकांकडेच जास्त बघत होते. पंचाहत्तरीच्या आज्या, नीटनेटका कोट, ओठांना हलकी लाली, आणि एकट्या! छोट्याशा गोल टेबलावर केक, कॉफी, कॉफीसोबत आपसूक येणारा पाण्याचा ग्लास. कितीही वेळ बसा, कुणी उठवत नाही. याच शहरात एके काळी कॉफीहाऊस म्हणजे पुरुषांचा अड्डा होता. बाई असायची ती गल्ल्यावर, पैसे घ्यायला. तिथून या टेबलापर्यंत यायला त्यांनाही वेळ लागलाच की.

आपल्याकडे बघा. पुरणपोळी लाटणारी तीच, वाढणारी तीच. तिच्या वाट्याला येते ती शेवटची, फाटलेली, गार झालेली पोळी. तीही ओट्याशी उभ्याने. "मला गोड फारसं आवडतच नाही" असं म्हणणाऱ्या किती बायका तुमच्या ओळखीच्या आहेत? मला तरी ते पूर्णपणे खरं वाटत नाही.

गोड करणाऱ्या बायकांची नावंही कुणी लिहून ठेवत नाही. पोर्तुगालमधली कितीतरी मिठाई मठांत जन्मली. अंड्याचा पांढरा बलक कपड्यांना खळ करायला जायचा. मग उरलेल्या ढीगभर पिवळ्या बलकाचं काय करायचं? हा प्रश्न कुठल्याही गृहिणीला कळेल! त्यात साखर घालून नन्सनी नाना प्रकार केले. लिस्बनमधल्या बेलेम भागात मठाच्या कृतीने केलेले कस्टर्डचे छोटे टार्ट १८३७ पासून विकले जातात. ती कृती आजही गुपित आहे. गरमागरम टार्टवर दालचिनीची पूड भुरभुरून खाताना मला गोव्याचा बेबिंका आठवला. तोही पिवळ्या बलकाचा, नारळाच्या दुधातला, एकेक थर भाजत चढवायचा, दमवणारा. तो पहिल्यांदा कुणी केला असेल?

फ्रान्समधल्या तातँ बहिणींचं मात्र नाव राहिलं, त्यांच्या सफरचंदाच्या उलट्या टार्टमुळे. पण तो म्हणे गडबडीत चुकून झाला! बायकांच्या हातून काही उत्तम झालं, की ते चुकूनच कसं काय होतं हो?

आमच्या ग्रुपमध्ये सांगलीकडच्या एक काकू होत्या. अंडं चालत नाही, म्हणून केकच्या दुकानात त्या आपल्या बाहेरच उभ्या, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत. फ्लॉरेन्सला मी त्यांना हात धरून जिलातोच्या दुकानात नेलं. तिथे फळांचे सोर्बेत्तो मिळतात, बहुतेक ठिकाणी अंडं-दूध न घातलेले, तरी विचारून घ्यावं. काकूंनी लिंबाचा घेतला. कागदी कप, त्यात एवढासा प्लॅस्टिकचा चमचा. पहिला चमचा तोंडात गेला आणि त्यांनी डोळेच मिटले.

तेवढ्यात काका आले. "बघू गं, कसं लागतंय," म्हणत सवयीने हात पुढे केला.

काकूंनी कप जरा आपल्याकडे ओढून घेतला. "तिकडे रांग आहे," त्या म्हणाल्या, "तुमचा तुम्ही घ्या."